हवालदारांची कंपनी

मलकापुरात मी ज्या खानावळीत जेवत असे तिच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती, आणि त्या पाटीवर पांढऱ्या रंगात एकच शब्द होता : कंपनी. वर देवाचं नाव नाही, खाली मालकाचं नाही. आत शाकाहारी मिळतं की मांसाहारी, याचाही पत्ता नाही. नुसतं कंपनी.

ही गोष्ट सत्तरनंतरच्या दोनतीन वर्षांतली. त्या काळी आमच्याकडे 'पोरगा कंपनीत लागला' म्हटलं की पेढे वाटायचे. त्यामुळे मॅट्रिकचा दाखला घडी करून खिशात घातलेला कुणी ना कुणी दर महिन्याला त्या दारात उभा असे. "सायेब, भरती हाय का?" हवालदार त्याला टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "भूक हाय का?" तो गोंधळून म्हणे, "हाय की." "मग हाय भरती. हात धू."

एकदा तमाशातला एक ढोलकीवाला चुकामूक झालेली आपली मंडळी शोधत आला. "कंपनी हितंच उतरलीया न्हवं?" हवालदार म्हणाले, "व्हय, हितंच." तो निर्धास्त आत आला, जेवला, आम्हांला दोन तुकडे वाजवून दाखवले, आणि तिकडं कऱ्हाडात त्याचा फड दुपारभर त्याच्या नावानं शंख करत बसला होता. आणखी एकदा कुठल्याशा कचेरीतले एक साहेब आले आणि कंपनी रीतसर नोंदवलेली आहे का, असं विचारू लागले. "हाय की," म्हणून हवालदारांनी भिंतीवरची दगडी पाटी काढून त्यांच्या हातात ठेवली. तिच्यावर आम्हां नऊ जणांची त्या दिवसाची हजेरी होती. साहेबांनी ती उलटून मागची बाजूही बघितली.

हवालदारांचं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहून काही उपयोग नाही. नावानं मारलेली हाक त्यांना ऐकूच येत नसे. पलटणीत त्यांनी बरीच वर्षं लंगर सांभाळला होता, म्हणजे शिपायांचा भटारखाना. घरी आल्यावर तेच काम पुढं चालू ठेवलं, फरक एवढाच की आता भाकऱ्या त्यांची बायको थापायची. तिला आम्ही काकी म्हणत असू. हवालदार अंगानं काटकुळे, उंच, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरी बंडी, आणि खांद्यावरचा पंचा असा घडी घातलेला की त्याच्या कडेनं रेघ मारून घ्यावी.

ते इटालियन बोलत. कृष्णाकाठच्या हेलात बोललेलं इटालियन जगात फक्त मीच ऐकलंय, असा माझा दावा आहे. कुणी नव्यानं जेवायला बसला की हवालदार मागं उभे राहून ओरडत, "मांज्या! मांज्या!" नवखा माणूस दचकून ताटाजवळ मांजर आलं का म्हणून बघे. 'मांज्या' म्हणजे जेव. भराभरा गिळणाऱ्याला ते "प्यानो, प्यानो" म्हणून दटावत. आणि भाकरी नको म्हणून कुणी "बास" म्हटलं की "बास्ता!" असं मोठ्यानं म्हणून परत वळत. हा 'बास्ता' आपल्या 'बास'चा थोरला भाऊ आहे, अशी त्यांची खात्री होती. तसं काही नाही, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मात्र ठाऊक नसलेलंही ठाऊक असल्यासारखं मी वागत असे, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

त्यांच्या खानावळीचा एक कायदा होता. आम्ही गोल बसायचो. ताटं वाढून झाली की हवालदार तव्यावरची पहिली भाकरी हातात घेत, तिचा एक तुकडा मोडून तोंडात टाकत आणि भाकरी शेजारच्याला देत. त्यानं तुकडा मोडायचा आणि पुढं सरकवायची. अशी ती भाकरी सगळ्यांच्या हातून फिरून संपली की मग ज्यानं त्यानं आपापल्या ताटाला हात घालायचा. त्या आधी कुणी आमटीचा भुरका मारला तर हवालदार त्याच्याकडे असं बघत की आमटी परत वाटीत ओतावीशी वाटे.

याचं कारण विचारलं की ते दारावरच्या पाटीकडे बोट दाखवत. "कंपनी म्हंजे काय? कोन म्हंजे संगं. पाने म्हंजे भाकरी. संगं भाकरी खातो त्यो कोम्पान्यो. आन अशांचा मेळा, ती कंपनी. नुसती तनखा घेऊन एका लाईनीत हुबं ऱ्हायलं म्हणून कंपनी हुत न्हाई." ऐकणारे मान डोलवत आणि हवालदारांची पाठ वळली की एकमेकांकडे बघून हसत. मीही हसत असे.

ही व्युत्पत्ती त्यांनी आणली होती इटलीतून. दुसऱ्या महायुद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, तिथून इटलीत कैदेत. पुढं इटलीनं शस्त्रं खाली ठेवली आणि एक दिवस पहारेकरीच पळून गेले, तेव्हा तारेच्या कुंपणाखालून बाहेर पडून डोंगरात शिरले. तिथं एका म्हातारीनं त्यांना गवताच्या माळ्यावर लपवलं आणि सगळा हिवाळा जगवलं. ही हकिगत ते एका बैठकीत कधीच सांगत नसत. भाजी चिरताना थोडी, पाणी शेंदताना थोडी. मी महिनाभर तुकडे जुळवत होतो.

शब्दाची तपासणीही ते सतत करत. जवळच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. त्याला कुणीतरी कौतुकानं पिठलं-भाकरी खायला आणलं. हवालदारांनी त्याला दुभाष्यामार्फत पहिला प्रश्न केला, "तुमच्यात कंपनीला काय म्हणत्यात?" तो म्हणाला, "कोम्पानी." हवालदार खूश. "आन भाकरीला?" "ब्रोट." हवालदारांचा चेहरा पडला. जरा वेळानं ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ह्यांची कंपनी उसनी हाय. भाकरीचा शब्द येगळा, कंपनीचा येगळा. कुणाकडनं तरी उचलल्याली." आणि तरीही त्या गोऱ्या माणसाला त्यांनी पहिल्या भाकरीचा तुकडा मोडायला लावलाच.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी माण तालुक्यातला. आमचं घर बौद्ध; मी दुसरीत असताना घरच्यांनी दीक्षा घेतली. वडील मुंबईला गिरणीत, आई गावात. आमच्या साऱ्या भावकीत पहिला बी. ए. मी, आणि तोही इंग्रजी घेऊन, सांगलीच्या कॉलेजात. मलकापूरच्या हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा आईनं सगळ्या वस्तीला बोलावून माझ्याकडून नेमणुकीचं पत्र मोठ्यानं वाचून घेतलं होतं. इंग्रजीत. एक अक्षर न कळता सगळे ऐकत होते आणि आई सगळ्यांकडे बघत होती.

हवालदारांकडे गेलो त्या पहिल्या दिवशी मी सवयीनं आडनाव, गाव, सगळं आपणहून सांगून टाकलं. पुढं कळून अपमान होण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असा माझा हिशोब असे. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि हजेरीच्या पाटीवर लिहिलं, 'इंग्रजी मास्तर'. मग विचारलं, "तिखाट चालतं न्हवं?" दोन महिने मी त्या गोलात बसलो, भाकरी मोडली, पुढं दिली. बाकीच्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्या गोलात तात्या होते. निवृत्त तलाठी, बायको वारलेली, मुलं पुण्याला. तात्या वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना माझा हात अजूनही अडखळतो. मला ताप आला तेव्हा गवती चहाचा काढा करून माझ्या खोलीवर आणून देणारे हेच. पण त्यांच्या ओळखीचा कुणी आमच्या माणमधल्या दहिवडीचा माणूस त्यांना भेटला, माझं घर कुठल्या वस्तीतलं ते बोलता बोलता निघालं, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, पहिली भाकरी फिरायच्या आधी तात्यांनी घसा खाकरला.

"हवालदार, मास्तर मानूस चांगला हाय. माजं काय म्हणणं न्हाई. त्यांनी हितंच बसावं, हितंच जेवावं. पर त्यो तुकडा फिरवायचा आता बंद करा."

सगळ्यांना कळलं. काकीचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मग कंपनी कशाला म्हणायचं?" हवालदार म्हणाले.

"आवं, कंपनीचा आन भाकरीचा काय संबंद? तुमी म्हणताय म्हणून आमी ऐकून घेतो, एवढंच. हे इंग्रजीचं मास्तर बसल्यात की समोर, त्यांनाच इच्यारा. मास्तर, तुमीच सांगा. कंपनी म्हंजे भाकरी, असं कुठं लिवलंय का?"

बाकीचे आठच्या आठ जण माझ्याकडे बघू लागले. हवालदारही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. आपला माणूस आता उत्तर देणार, असे ते मिशीला पीळ देत उभे होते.

मी म्हणालो, "नाही. तसं काही नाही."

मला ठाऊक नव्हतं, एवढंच खरं होतं. 'मला ठाऊक नाही' असं म्हणायला काय झालं होतं? पण त्या घडीला, त्या लोकांसमोर, माझ्याजवळ ताठ मानेनं मिरवावं असं एक बी. ए. सोडलं तर दुसरं काही नव्हतं. इंग्रजीच्या मास्तराला इंग्रजी शब्द ठाऊक नाही, हे माझ्या तोंडून निघेना. मी माझी डिग्री राखली आणि माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला तोंडघशी पाडलं.

तात्या उठले. त्यांच्यामागं बँकेतला कारकून आणि दवाखान्यातला कंपाउंडर उठले. पुढच्या चार दिवसांत आणखी तिघं गळाले. त्या दुपारी हवालदारांनी मला फक्त विचारलं, "मास्तर, भात वाढू?"

हजेरीच्या पाटीवरून त्यांनी एकही नाव पुसलं नाही. रोज सहा नावं वाचत आणि प्रत्येकापुढं स्वतःच म्हणत, "रजेवर." काकीही रोज त्या सहा जणांच्या भाकऱ्या थापी आणि मग त्या एस. टी. स्टँडवरच्या हमालांना देऊन टाकी. नऊ माणसांत कसंबसं चालणारं ते घर तिघांत किती दिवस चालणार, हे मला दिसत होतं. आठव्या दिवशी मी हवालदारांना म्हणालो, "मी खोलीवर स्टोव्ह घेतो. मी गेलो की ते परत येतील."

हवालदार कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "कंपनीतनं मानूस कमी करायचा हुकूम कुणी द्यायचा? तुमी?"

त्या शनिवारी शाळा सुटली तसा मी सांगलीची गाडी धरली. कॉलेजात माझे जुने प्राध्यापक होते, ग्रंथालयाच्या कुलुपातला मोठा शब्दकोश त्यांच्यामुळं हातात पडला. तो धरायला दोन हात लागले. पानं उलटत मी 'कंपनी'शी पोचलो.

आणि तिथं लिहिलेलं होतं. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकरी. त्यावरून 'कोम्पानिओ', एका भाकरीचा सोबती. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, सगळ्यांत तोच शब्द थोडं थोडं रूप बदलून नांदत होता आणि फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला होता. प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुंबईकर खातात तो 'पाव'ही पोर्तुगीजांनी आपल्याला दिला, तोही याच 'पानिस'चा. म्हणजे पाव आणि कंपनी या सख्ख्या बहिणी दोन वेगवेगळ्या जहाजांतून आमच्या मराठीत येऊन राहिल्या होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. आणि शेवटची ओळ वाचून तर मी खुर्चीवरून उठलोच. काही जाणकारांच्या मते हा शब्द पंडितांनी घडवलेलाच नव्हे. जुन्या जर्मन टोळ्यांच्या सैन्यात एका भाकरीवर जेवणाऱ्या शिपायाला त्यांच्या भाषेत 'भाकरीचा सोबती' म्हणत, आणि त्यांच्या त्या शब्दाचं लॅटिन भाषांतर म्हणजे 'कोम्पानिओ'.

सगळं वहीत उतरवून मी रविवारी परतलो. स्टँडवर उतरलो तर समोरच्या हॉटेलात तात्या एकटेच ताटासमोर बसलेले. मी तसाच आत गेलो आणि उभ्यानं वही वाचून दाखवली. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटी म्हणालो, "मी त्या दिवशी चुकीचं बोललो. हवालदारांचं खरं होतं."

तात्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे गडी थापाड्या न्हाई. बरं झालं," ते म्हणाले. आणि ताटातली भाजी चिवडत तिथंच बसून राहिले. मी थोडा वेळ वाट बघितली. मग वही मिटली आणि निघालो.

तेव्हा मला तात्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. शब्दकोश उघडला की सगळं मिटेल असं मी धरून चाललो होतो!

हवालदारांना मी दुपारी वाचून दाखवलं. त्यांनी आधी जेवायला लावलं, मग ऐकलं. लॅटिन लोक कुठं राहतात, हे विचारलं. ती भाषा आता कुणी बोलत नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. पण शिपायांची ओळ आली तसे ते ताडकन उभे राहिले. "शिपायांचा? परत वाचा." मी परत वाचलं. "आगं ए, बाहीर ये, मास्तर काय वाचत्यात बघ!" काकी पिठाच्या हातानं बाहेर आली आणि मी तिसऱ्यांदा वाचलं. हवालदार असे ताठ उभे होते की जणू कुणीतरी आता त्यांच्या छातीवर पदक लावणार आहे. मग एकाएकी त्यांनी जीभ चावली. "म्हंजे त्या जर्मन सायबावर माजा अन्याव झाला की वो! शब्द त्यांच्याच शिपायांचा, आन मी उसना म्हणालो."

ते जरा निवले तसा मी म्हणालो, "हवालदार, मी त्या दिवशी तुम्हांला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मला माफ करा."

ते खाली बसले. "मास्तर, मला म्हातारीनं ह्यो शब्द सांगितला तवा मी कुठं पुस्तक बघितलं हुतं? तिच्या घरातला पिठाचा डबा बघितला हुता. तळाला लागल्याला." मग जी गोष्ट त्यांनी महिनाभरात कधी सांगितली नव्हती ती सांगितली. "पैल्या दिवशी तिनं भाकरी फुडं केली, मी न्हाई घेतली. कुठली जात, कुठला धर्म, कुणाचा हात. उपाशी मरत हुतो, पर न्हाई घेतली. तिला वाटलं, मी तिच्या पोरांच्या तोंडचं घ्याला लाजतोय. तिनं भाकरी मोडली, अर्दी सोता खाल्ली, अर्दी फुडं धरली, आन म्हणाली, कोम्पान्यो. तरी मी दोन दिस तसाच पडून. मीबी तात्याच हुतो, मास्तर. मला दोन दिस लागलं. त्यास्नी जरा जास्त लागत्याल."

मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, त्यांच्याकडून पुष्कळ शिकलोही. पण माझे गुरू कोण असं कुणी विचारलं की मी आधी त्या लंगरवाल्याचं सांगतो, आणि सांगताना माझी मान आपोआप वर होते.

तात्या आले ते त्यानंतर बाराव्या दिवशी. दुपारची वेळ, आम्ही तिघं गोल बसलेले, गोल कसला, तीन कोपरेच ते. तात्या दारात उभे राहिले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

"हाटेलात एकटं बसून घास उतरंना, हवालदार," ते म्हणाले.

हवालदारांनी 'या' म्हटलं नाही की 'कसं काय' विचारलं नाही. काकीनं चौथं ताट मांडलं, ते माझ्या शेजारी. तात्या बसले. हवालदारांनी तव्यावरची भाकरी आणली, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि भाकरी माझ्या हातात दिली. ती इतकी गरम होती की मला ती या हातातून त्या हातात घ्यावी लागली. मी माझा तुकडा मोडला. मग भाकरी तात्यांच्या पुढं धरली.

त्यांनी हात लगेच पुढं केला नाही. मी धरून राहिलो. बोटं भाजत होती तरी मी ती खाली ठेवली नाही.

तात्यांनी अखेर तुकडा मोडला, अगदी नखाएवढा, आणि तोंडात टाकला. बराच वेळ ते चावत होते. मग त्यांनी माझ्या हातातल्या भाकरीकडे बघितलं.

"लय बारका निघाला," ते म्हणाले. "मास्तर, तुमच्या हातानं मोडून द्या जरा."

मी दिला.